व्हॉल्व्ह कोण फिरवतो?

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी लातूर स्टेशनात शिरली, तेव्हा तिच्या स्वागताला गर्दी होती आणि श्रेयाचे फलकही होते. दहा वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. एरवी तेल वाहणाऱ्या या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन काढलेल्या. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली आणि एका खेपेला २५ लाख लिटर पाणी यायला लागलं. ऑगस्टपर्यंत शंभरावर खेपा झाल्या. गाडीला ‘जलदूत’ असं नाव मिळालं, देशभरच्या वाहिन्यांनी ती दाखवली, आणि मध्येच रेल्वेने जिल्हा प्रशासनाला चार कोटींचं बिल धाडल्याची बातमीही गाजली.

वाहिन्यांवर फारसा दिसला नाही तो एक साधा भागाकार. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या वर होती. २५ लाख लिटरला तेवढ्यांनी भागलं तर माणशी साडेसहा लिटर येतात. म्हणजे अर्धी घागर. पाच वर्षांत शहर वाढलेलं असणार, म्हणजे खरं तर त्याहूनही कमी. गाडी आली नसती तर हाल वाढले असते, यात शंका नाही. पण ही अर्धी घागर स्टेशनातून निघून कोणाच्या दारात किती दिवसांनी पोचते, हा प्रश्न रेल्वेचा नव्हता. तो शहराचा होता, आणि आजही आहे.

मराठवाड्यातल्या पाण्यावर लिहिताना आपण सगळे धरणापाशी सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच संपवतो. मांजरा भरला का, किती टक्के भरला, उसाने किती पिला, उजनी धरणाचं पाणी कधी येणार. हे प्रश्न खोटे नाहीत. बीड जिल्ह्यात धनेगावला असलेल्या मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर. त्यावर लातूर आणि तिथली औद्योगिक वसाहत तर आहेच, अंबाजोगाई, केज, धारूर, कळंबही आहेत. खोऱ्यात साखर कारखाने आहेत आणि त्यांच्या मागे ऊस आहे. २०१५-१६ मध्ये ते धरण आटलं, हे उघड आहे. पण धरण भरलं म्हणून लातूरच्या नळाला रोज पाणी येतं, असं मात्र नाही. धरण ते नळ या वाटेत जुन्या जलवाहिन्या आहेत, अपुरे जलकुंभ आहेत, वीजबिलाची थकबाकी आहे, आणि शेवटी हातात चावी घेऊन गल्लीच्या तोंडाशी येणारा पाणी सोडणारा कर्मचारी आहे. माझं म्हणणं त्या शेवटच्या टप्प्याबद्दल आहे.

लातुरात नळ किती दिवसांनी येतो यावर घराची सगळी रचना ठरते. समजा, आठ दिवसांनी येतो. सरकारी निकष शहरासाठी माणशी रोज १३५ लिटरचा. पाच जणांच्या घराला आठ दिवसांचे ५,४०० लिटर साठवायला हवेत. ज्याच्या अंगणाखाली हौद आहे, गच्चीवर दोन टाक्या आहेत आणि हौदातून वर चढवायला मोटार आहे, त्याला निकषाच्या जवळपास जाता येतं. ज्याच्या दहा बाय दहाच्या खोलीबाहेर दोनशे लिटरची दोन टिपाडं आणि चार-पाच घागरी आहेत, तो जास्तीत जास्त ४५०-५०० लिटर भरून ठेवतो. माणशी रोज बारा लिटर. दोन्ही घरांच्या नळाला तेवढाच वेळ पाणी आलं, पाणीपट्टीचा दरही तोच, आणि महापालिकेच्या नोंदीत दोन्ही घरं ‘पाणीपुरवठा झाला’ या एकाच रकान्यात. त्यात गल्लीत एकाने नळीला थेट टिल्लू मोटार लावली की पुढच्या घरांचा दाब गेला. दिवसाआड पाणी मिळण्यासाठी मोर्चे निघतात ते बरोबरच आहे. पण आठवड्याने येणारं पाणी हे केवळ कमी पाणी नसतं, साठवायची ऐपत असलेल्याच्या बाजूने झुकलेलं पाणी असतं.

शिवाय वेळ. पाणी रात्री दोनला सुटणार की दुपारी, हे कळलं नाही तर कुणीतरी घरी थांबावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक घरांत बाई किंवा शाळकरी मुलगी. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा खाडा होतो. हा खाडा कुठल्याही पाणीपट्टीत धरलेला नाही.

२०१६ च्या त्या उन्हाळ्यात हे सगळं उघड्यावर आलं. नळ बंदच झाले होते, टँकरने घरामागे सुमारे दोनशे लिटर दिलं जाई, तेही आठ-दहा दिवसांनी. मार्चमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी जलकुंभांच्या, टँकर भरण्याच्या जागांच्या परिसरात कलम १४४ लावलं. पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र यायचं नाही. पाण्यासाठी जमावबंदी, हा तेव्हा सगळ्या देशाला चटका लावणारा मथळा होता. त्या आदेशामागची भीती खरी होती, टँकरवर हाणामाऱ्या होत होत्या. पण टँकर आधी कुठल्या गल्लीत जाणार हे ठरवायची रीत लोकांना दिसणारी असती, यादी भिंतीवर लावलेली असती, तर ती गर्दी तशी झाली असती का? टँकर नगरसेवकाच्या फोनवर फिरतो असं ज्याला वाटतं, तो टाकीवर जाऊन उभा राहतो. त्याला दुसरं करण्यासारखं काय होतं?

ज्यांना विकत घेणं शक्य होतं त्यांनी खासगी टँकर घेतला. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’ची ख्याती ऐकून बाहेरगावाहून आलेली हजारो मुलं वसतिगृहांत, खोल्यांत राहतात, क्लासेसच्या भागातल्या अनेक खोल्या त्या वर्षी रिकाम्या पडल्या, आणि गंजगोलाईतल्या व्यापाऱ्यापासून खानावळवाल्यापर्यंत सगळ्यांना पाण्याचा दुसरा अर्थ कळला. बोअर मारणाऱ्या गाड्या रात्रंदिवस चालू होत्या. खाली काळा पाषाण. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत जेवढं मुरेल तेवढंच पाणी. सातशे-आठशे फुटांवर लागणारं पाणी वर्षानुवर्षांचं साचलेलं, एकदा उपसलं की सहज भरत नाही. राज्याच्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलंय आणि त्यावर बंधनं घातलीत. कायदा २००९ चा, लागू २०१४ मध्ये. गल्लीत गाडी उभी राहिली की कायदा कुणाला आठवतो! ज्याचा बोअर खोल, त्याच्या शेजाऱ्याचा उथळ बोअर कोरडा.

त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी एक मोठं काम केलं, आणि त्याबद्दल आदराने लिहायला हवं. ‘जलयुक्त लातूर’ नावाने डॉक्टर, व्यापारी, वकील, शिक्षक, वेगवेगळ्या विचारांच्या संघटना एकत्र आल्या आणि साई ते नागझरी असं मांजरा नदीचं १८ किलोमीटरचं पात्र खोल-रुंद करायला घेतलं. पैसा लोकांचा. ज्या शहरात एका टाकीभोवती पाच माणसं उभी राहू शकत नव्हती, त्या शहराने कोट्यवधी रुपये वर्गणीतून जमवले. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस कोसळला, खोदलेलं पात्र भरलं, आणि लोकांना आपल्या घामाचं फळ डोळ्यांनी दिसलं.

नदी अशी खणावी की नाही, यावर मतं आहेत. ‘वाल्मी’ या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत आयुष्य घालवलेले प्रदीप पुरंदरे, अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी सरसकट खोलीकरणाच्या मोहिमेवर कडक टीका केली होती. पात्रातली वाळू-मुरूम काढला तर नदीची वाहण्याची आणि मुरण्याची रीत बिघडते, पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे व्हायला हवं, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटतो. पण इथे माझा मुद्दा निराळा आहे. लोकांना बोलावलं ते देणगीसाठी, श्रमासाठी, उत्साहासाठी. पात्रात साठलेलं पाणी शहरात कुठल्या भागाला आधी, टंचाईत कुणाचा हिस्सा किती, ज्यांनी वर्गणी दिली नाही कारण देण्यासारखं काही नव्हतं त्यांचं काय, हे ठरवायला कुणी कुणाला बोलावलं नाही. खोदण्यात सहभाग, वाटपात नाही. आपल्याकडच्या लोकसहभागाची ही जुनी खोड आहे.

लातूरला तर ती ओळखीची असायला हवी होती, कारण आठच वर्षांपूर्वी हेच शहर उलट बाजूने तापलं होतं. २००८ च्या जूनमध्ये महाराष्ट्र जीवन प्राधिकरणामार्फत लातूरच्या पाणीपुरवठ्याचं व्यवस्थापन दहा वर्षांसाठी खासगी कंपनीकडे गेलं. मीटर बसणार, पाणी मोजून मिळणार, गळती थांबणार, चोवीस तास पाण्याचं स्वप्न. करार झाला तेव्हा लोकांना त्यातलं काय माहीत होतं? मीटर आणि नव्या दरांची चर्चा दारात आली तेव्हा लोक जागे झाले. खासगीकरणविरोधी समिती उभी राहिली, मोर्चे निघाले, मीटर बसवायला विरोध झाला. करार दहा वर्षं पुरा होण्याआधीच गुंडाळला गेला आणि २०११ मध्ये स्थापन झालेल्या महापालिकेच्या पदरात जुनीच व्यवस्था पडली.

आंदोलन जिंकलं, असं म्हणता येईल. मी तसं म्हणायला थोडा कचरतो. खासगी कंपनी गेली, पण ज्या प्रश्नांवरून ती आली होती ते तसेच राहिले: गळती किती, बेकायदा जोडण्या किती, कुठल्या भागाला किती पाणी जातं. मीटरला विरोध करताना गरिबाच्या खिशाची काळजी होती, ती रास्त. पण मीटर नसल्याचा फायदा हौदवाल्याला किती झाला आणि टिपाडवाल्याला किती, हे विचारायचं राहून गेलं. घरांना मीटर नको असेल तर निदान भागांना असावेत. जलकुंभातून कुठल्या वाहिनीला किती पाणी गेलं एवढं तरी मोजावं आणि भिंतीवर लावावं. ते कुणी मागितलं नाही. देणाऱ्यांनीही दिलं नाही.

याच जिल्ह्याने एकदा वेगळा धडा घालून दिला होता, तोही पाण्याचा नाही, घरांचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये दोन लाखांच्या आसपास घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा सरकारी कार्यक्रम जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झाला. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने त्यात लोकसहभागाची बाजू सांभाळली. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. या बायका नुसत्या सभेला सतरंज्या अंथरायला नव्हत्या. घरमालकाला हप्ता कधी मिळणार, भिंतीत दगड कसा बांधायचा, इंजिनिअरने आकडा बरोबर टाकलाय का, हे त्या विचारत. त्यांना योजनेत नाव होतं, काम होतं आणि प्रश्न विचारायचा अधिकार होता. सुरुवातीला गावातले पुरुष हसले असतील. पैसा वेळेवर येतोय म्हटल्यावर हसायचे थांबले असतील. पुढे याच बायकांच्या गटांतून शेती, आरोग्य, पाण्याची कामं उभी राहिली आणि २०१६ मध्ये, म्हणजे जलदूतच्याच वर्षी, त्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. लातूर शहराच्या पाणीवाटपात मात्र अशी एकही संवाद सहायक नेमली गेली नाही.

मराठवाड्यातल्याच नांदेडचं दुखणं निराळं. तिथे नदी दारात आहे. गोदावरीवर असर्जनजवळचा विष्णुपुरी प्रकल्प, शंकरसागर, सुमारे ८१ दशलक्ष घनमीटरचा. तिथून आणि सांगवीला आसना नदीतून शहराचं पाणी उचललं जातं. उन्हाळा वाढला की प्रशासनाची पथकं जलाशयाकाठच्या शेतकऱ्यांच्या मोटारी बंद करायला निघतात. शहराचं आरक्षण वाचवायचं तर तसं करावं लागतं, पण काठच्या माणसाला ‘अवैध उपसा’ हा शब्द कसा लागत असेल? ज्याची जमीन पाण्याला लागून आहे तो चोर, आणि दुरून नळी टाकणारा हक्कदार. पावसाळ्यात चित्र उलटतं. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की जुन्या शहराच्या काठावरच्या गंगाचाळ, खडकपुरा, देगलूर नाका परिसरात पाणी शिरतं. टंचाईतही तीच माणसं शेवटी, पुरातही तीच आधी.

२००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याने नांदेड बदललं. श्री गुरू ग्रंथ साहिबांना गुरुपद दिल्याला ३०० वर्षं झाली म्हणून जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून मोठा निधी आला. रस्ते, पूल, घाट, झोपडपट्ट्यांत घरं. त्यानंतर काही वर्षांतच शहराने आणखी एक प्रयोग केला. आयुक्त डॉ. निपुण विनायक यांच्या काळात, २०११-१२ च्या सुमारास, उघड्यावर शौचाला जाणं थांबवण्यासाठी लोकांच्या पुढाकारावर उभी असलेली पद्धत इथे शहरभर राबवायचा प्रयत्न झाला. मूळ कल्पना कमल कार यांची, सहस्रकाच्या वळणावर बांगलादेशातल्या राजशाही भागातल्या एका खेड्यातून निघालेली: अनुदान वाटत सुटू नका, वस्तीलाच आपल्या घाणीचा नकाशा जमिनीवर काढायला लावा, म्हणजे ती स्वतः ठरवेल. वस्त्यांत निगराणी समित्या झाल्या, पहाटे शिट्ट्या वाजू लागल्या.

खेड्यात ही युक्ती चालते कारण तिथे संडास बांधायला निदान परसात जागा असते. शहरातल्या वस्तीत घर सात बाय नऊचं, जागेचा कागद नाही, मलवाहिनी पोचलेली नाही. अशा घरातल्या बाईला पहाटे शिट्टी वाजवून हटकणं म्हणजे गैरसोयीचा दंड गैरसोय असलेल्यालाच. नांदेडच्या प्रयोगातली जमेची बाजू अशी, की वस्तीने एकदा बोलायला सुरुवात केल्यावर प्रश्न शिट्टीपाशी थांबत नाही. सार्वजनिक संडासाला पाणी का नाही, रात्री दिवा का नाही, दार का तुटलंय, हे प्रश्न मग महापालिकेकडेच वळतात. अधिकारी ऐकणारा असेल तोवर असं चालतं. त्याची बदली झाली की समिती कागदावर उरते, कारण समितीला कायद्याचा टेकू नसतो.

आणि इथे एक विचित्र गोष्ट आहे, जी मला या सगळ्या विषयाच्या मुळाशी दिसते. मुखेड तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात राहणाऱ्या बाईला ग्रामसभा आहे. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. सभा नीट होत नसेल, सरपंचाचा नवराच बोलत असेल, तरी कायद्याने तिला तिथे उभं राहून विचारता येतं. तीच बाई नांदेडच्या वस्तीत राहायला आली की तिची सभा संपते. उरतो तो नगरसेवक, आणि नगरसेवकही नसला तर अर्ज. नेहरू अभियानाचा निधी घेताना राज्यांवर एक अट होती: शहरात लोकसहभागाचा कायदा करा. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद घातली. अभियानातून नांदेडचे रस्ते झाले, घाट झाले. क्षेत्रसभा राज्यात कुठे रुजलीच नाही.

वर आणखी भर म्हणजे मे २०२२ मध्ये लातूरच्या आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नांदेडच्या महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ दोन्हीकडे प्रशासक बसले. नगरसेवक कितीही नावडता असो, रात्री त्याचं दार वाजवता येतं. प्रशासकाचं दार कुठे असतं ते वस्तीला माहीत नसतं. याच काळात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, केंद्राने ‘जल दिवाळी’ साजरी केली. देशभरच्या बचत गटांच्या हजारो बायकांना जलशुद्धीकरण केंद्रं दाखवायला नेलं. उपक्रम चांगलाच होता. पाणी कसं शुद्ध होतं, कसं तपासतात, हे त्यांनी पाहिलं. कुठल्या भागाचा व्हॉल्व्ह किती मिनिटं उघडतो ती वही दाखवणं मात्र कार्यक्रमात नव्हतं.

परदेशात सगळं आलबेल असतं असं नाही. पण २०१८ मध्ये केप टाउनला पाणी संपायची वेळ आली तेव्हा तिथल्या पालिकेने माणशी रोज ५० लिटरची मर्यादा जाहीर केली आणि धरणांचे, वापराचे आकडे लोकांसमोर नियमित ठेवले. कुठलं घर मर्यादेत आहे ते नकाशावरही दाखवलं. त्यावरही वाद झाले, खासगीपणाचे झाले, श्रीमंतांच्या बोअरवेलचे झाले. पण वाद घालायला लोकांच्या हातात आकडा तरी होता. लातूरला २०१६ मध्ये हातात रेल्वेचा फोटो होता.

पाण्याच्या हक्काचं तत्त्व तर आपल्याच न्यायालयाने सांगितलंय. १५ डिसेंबर २०१४ रोजी पाणी हक्क समितीच्या याचिकेवर न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने निकाल दिला, की झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. ते जगण्याच्या हक्काचा भाग आहे. निकाल मुंबईचा, पण तत्त्व नांदेडच्या खडकपुऱ्याला आणि लातूरच्या वेशीवर वाढलेल्या वस्त्यांनाही तेवढंच लागू. पाणी दिलं पाहिजे, इथवर न्यायालय पोचलं. किती, कधी आणि कुणाच्या आधी, हे गल्लीच्या तोंडाशी ठरतं.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर इतका पाऊस झाला की मांजऱ्याचे दरवाजे उघडावे लागले आणि शेतं वाहून गेली. अशा वर्षी पाण्याचा विषय काढला की लोक वैतागतात. पण वेळापत्रक करायची हीच वेळ असते. टंचाईत केलेलं वेळापत्रक म्हणजे भांडण. प्रत्येक जलकुंभावर मीटर, प्रत्येक भागाची सोडण्याची वेळ भिंतीवर, वेळ चुकली तर मोबाइलवर निरोप, टंचाईत टँकरच्या फेऱ्यांची यादी आधी ठरलेली आणि त्यात टिपाडवाल्या वस्त्या हौदवाल्यांच्या पुढे. साठवायला जागा नसलेल्या वस्तीत सार्वजनिक टाकी, आणि तिची चावी वस्तीतल्याच बायकांच्या समितीकडे, किल्लारीच्या संवाद सहायकांसारखी, नेमणुकीच्या कागदासह. यातल्या एकाही गोष्टीला नवं धरण लागत नाही. क्षेत्रसभेच्या कलमाखाली नियम करून पहिली सभा बोलावायला राज्य सरकारची एक अधिसूचना लागते, आणि त्या सभेत पहिला ठराव पाणी सोडण्याच्या वहीची प्रत मागण्याचा करायला हात वर करणारी पाच-पन्नास माणसं.